एकही गोळी चुकली नाही

ज्यांच्या घरात फिटची गोळी चालू आहे त्यांनी हे वाचावं, आणि वाचून गोळी बंद करू नये. दोन्ही गोष्टी मी एका दमात लिहिते आहे, कारण आम्हालाही अशाच दोन गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या आणि त्यातली एकच आम्ही धरून बसलो. गोळीचं नाव मी मुद्दाम देत नाही. ती गोळी वाईट नाही. वर्षानुवर्षं ती घेऊन धडधाकट फिरणारी माणसं आहेत, आमच्या ऑफिसातच एक आहे. मला ती सोसली नाही, एवढंच. हे 'एवढंच' केवढं असतं ते सांगायला मी बसले आहे. डाव्या डोळ्याला उजेड अजून सहन होत नाही, म्हणून घरातसुद्धा गॉगल लावून लिहिते. लेक म्हणते, आई, तू हिरॉईनसारखी दिसतेस. म्हणू दे.

मी शैला. भोरला राहते. जमीन मोजणीच्या सरकारी ऑफिसात नकाशांच्या नकला देणं हे माझं काम. नवरा संदीप हायस्कुलात शिक्षक, लेक ओवी सातवीत. स्वभावाने मी काटेकोर, आणि खरं सांगायचं तर खडूस. अर्ज अपुरा असला की परत पाठवते, समोर कुणी का असेना. नियम सांगा, मी पाळते. म्हणून तर हे सगळं झालं, असं कधीकधी वाटतं. हलगर्जी बाई असते तर चार गोळ्या विसरले असते.

चप्पल

पहिली फिट कापूरहोळच्या फाट्यावर आली. पुण्याहून ऑफिसचं एक काम उरकून आले होते आणि भोरच्या एसटीची वाट बघत रसाच्या गाड्याशेजारी उभी होते. तेवढंच आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा नाकाला कुणाची तरी चप्पल लावलेली होती आणि एक बाई 'कांदा आणा, अरे कुणीतरी कांदा आणा' म्हणून ओरडत होती. जीभ चावली गेली होती, साडी मातीने भरली होती, आणि सभोवती ढाब्यावरची, गॅरेजमधली, एसटीची अशी सगळी माणसं. माणसं भली होती. पण ती चप्पल कुणाची होती ते मला अजून कळलेलं नाही आणि तिचा वास मी विसरणार नाही.

दुसरी फिट घरात, ओट्यापाशी, ओवीसमोर आली. मग मात्र संदीपने मला पुण्याला नेलं. आईही वेल्ह्याहून आली. वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या बाजूला डोंगराच्या कुशीत माझं माहेर आहे. वडील नाहीत, आई आणि थोरली चुलती अशा दोघी जावा मिळून भातशेती बघतात.

डॉक्टर बाई शांत होत्या. तपासण्या झाल्या आणि त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. आमच्याकडे त्याला आकडी म्हणतात, आणि म्हणताना माणसांचा आवाज आपोआप खाली जातो. आईचाही गेला. "पोरीला आकडीच हाय म्हना की," ती पुटपुटली. मला रडू आलं नाही, राग आला. माझ्यासारख्या शिस्तीच्या बाईला असला बेशिस्त आजार कसा होतो, असं काहीतरी मनात येत होतं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ गोळी. एकही चुकवायची नाही, मध्येच बंद करायची नाही, नाहीतर फिट जोरात येईल. आणि पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, ताप आला, तर मला लगेच कळवायचं."

आम्ही तिघंही माना डोलावत होतो. पहिलं वाक्य आईने पदराला गाठ मारून ठेवलं. दुसरं आम्ही तिघांनीही ऐकलं, आणि ते त्याच खोलीत राहिलं.

आ कर

मे महिना होता. मला रजा मिळाली, ओवीला सुट्टी होती, संदीपच्या मागे पेपर तपासणीचं काम होतं. आई म्हणाली, "चल माज्यासंगं. हितं एकली ऱ्हाऊन पडलीस-झडलीस तर?" तशा आम्ही मायलेकी आणि ओवी अशा तिघी माहेरी गेलो.

गोळीची वेळ चुकू नये म्हणून मी मोबाईलवर गजर लावला होता. सकाळी एक, दिवेलागणीला एक. आमच्या गावात रेंज नाही, देवळामागच्या खडकावर चढलं तर येते, म्हणून मोबाईलचा उपयोग गजरापुरताच होता. पण आईला गजराची गरज नव्हती. गजर वाजायच्या आत ती पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन उभी. मी गोळी टाकली, पाणी प्यायले की म्हणायची, "आ कर."

ह्याला जुनं कारण होतं. लहानपणी मी तापाची गोळी जिभेखाली दडवायचे आणि परसात जाऊन थुंकायचे. एकदा केळीच्या बुडख्यात तिला असल्या विरघळलेल्या गोळ्या सापडल्या. तेव्हापासून माझ्या पोटात गोळी गेल्याची खात्री पटल्याशिवाय ती हलत नाही. मी छत्तिशीची बाई, वर्ग तीनची कर्मचारी, माझ्या लेकीसमोर आ करून जीभ वर उचलून दाखवायची. ओवीला हसू आवरायचं नाही. आई तोंडात नीट बघायची, मान डोलवायची आणि मगच चुलीकडे जायची.

धूर

आधी डोळे चुरचुरायला लागले. त्या दिवसांत आमच्याकडे राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून पेटवतात. सगळ्या खोऱ्यात धूर धरून राहतो. डोळे चुरचुरणारच. आईने दूध लावलेल्या कापसाच्या घड्या ठेवल्या.

मग तोंड आलं. ओठाच्या आतून दोन फोड, मग जिभेखाली, मग घशाशी. उन्हाचा कडाका होता, उष्णता वाढली असेल म्हणून सब्जाचं पाणी सुरू झालं. मग कणकण आली. अंग मोडून आलं. सकाळी दळण निवडायला बसले होते, ती उठून आत जाऊन पडले.

प्रत्येक गोष्टीला कारण हाताशी होतं, आणि प्रत्येक कारण खरं वाटत होतं. मी आता मागे वळून बघते तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच वाटते. काही विपरीत होतंय असं एकदाही कुणाला वाटलं नाही. घर आपल्या चालीने चाललं होतं आणि गजर वेळेवर वाजत होता.

बाया

छातीवर आणि पाठीवर लाल ठिपके उठले त्या दिवशी काकू, म्हणजे माझी थोरली चुलती, दारातच थबकली. लांबूनच तिने हात जोडले.

"बाया आल्यात गं," ती आईला म्हणाली. "खालच्या आळीत दोगांच्या पोरांस्नी आल्यात. आता आपल्या घरात आल्या."

बाया म्हणजे देवी. गोवर किंवा कांजिण्या आल्या की आमच्याकडे त्यांना आजार म्हणत नाहीत, पाहुण्या बाया घरात आल्या असं म्हणतात. त्यांचा मान ठेवावा लागतो. दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधतात, आजाऱ्याला निंबाच्या पाल्यावर निजवतात. घरात फोडणी घालायची नाही, बाहेरच्या माणसाने तडक आत यायचं नाही, आजाऱ्याने उंबरा ओलांडायचा नाही आणि डॉक्टरचं औषध द्यायचं नाही, बाया कोपतात. त्या आपल्या पावलांनी आल्या तशा जातात. मग पाला घातलेल्या पाण्याने न्हाऊ घालून, दहीभात ठेवून त्यांना वाटेला लावायचं. ओवीला त्याच दिवशी शेजारच्या आळीत काकूच्या लेकीकडे पाठवलं.

तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई, सरकारी नोकरीत, आणि ह्याला हो म्हणाली? म्हणाले. अंगात ताप होता, त्या पाल्याचा गारवा बरा वाटत होता, आणि खालच्या आळीत खरोखर पोरांना गोवर होता. डॉक्टर बाईंनी पुरळ म्हटलं होतं. माझ्या अंगावर बाया आल्या होत्या. माझ्या डोक्यात ह्या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्याच नाहीत.

संध्याकाळी गजर वाजला. आई गोळी घेऊन आली तशी काकूने तिचा हात धरला.

"आगं, काय करतीस? बायांना औषद चालत न्हाई. बंद कर समदं."

"बायांचं औषद न्हाई ह्ये. आकडीचं हाय."

"कशाचं बी असंना. कोपतील."

"कोपू देत माज्यावर," आई म्हणाली. "डाक्तरीनबाईनं बजावून सांगितलंय, एक बी गोळी चुकवायची न्हाई. म्या माज्या लेकीला फेफऱ्यात पडू देनार न्हाई."

माझी आई चौथी शिकलेली. थोरल्या जावेसमोर ती जन्मात कधी आवाज चढवून बोलली नव्हती. त्या संध्याकाळी माझ्यासाठी ती जावेशी भांडली आणि देवीशीही. गोळी देण्याआधी देव्हाऱ्याकडे वळून तिने दोन्ही कान धरले, माफी मागितली, आणि मग माझ्याकडे वळली. गोळी गिळताना घशात काच उतरल्यासारखं झालं. "आ कर," ती म्हणाली. तोंड आतून सगळं सोलवटलेलं होतं. ते तिने पाहिलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने जीभ उचलायला लावली आणि खाली गोळी नाही हे पाहून घेतलं.

काकूचं ऐकलं असतं तर गोळी त्याच दिवशी बंद झाली असती. डॉक्टरांचं पूर्ण ऐकलं असतं तर आम्ही त्याच दिवशी पुण्यात असतो. आम्ही अर्धं देवीचं पाळलं आणि अर्धं डॉक्टरांचं. दोन्हीकडचं जे अर्धं पाळायला नको होतं, नेमकं तेच.

उंबरा

पुढचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. ठिपके एकमेकांत मिसळून डाग झाले, डागांवर पाणी धरलं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. आई कोमट पाण्याने सोडवायची. बोलता येत नव्हतं. आणि खाज नव्हती. ही गोष्ट मला पडल्यापडल्या खटकत होती. लहानपणी ह्याच घरात मला कांजिण्या आल्या होत्या आणि खाजवू नये म्हणून आईने माझे हात फडक्यात बांधले होते. आता खाजवावंसं वाटतच नव्हतं. दुखत होतं. नुसती चादर लागली तरी दुखत होतं. आईला खुणेने सांगितलं तर म्हणाली, "तवा कांजण्या हुत्या, बाय. ह्यो गोवर हाय. थोरल्या मानसाला जड जातोय."

रविवारी दुपारी संदीप आला. शाळेतल्या एका मित्राची गाडी मागून आणली होती, बायकोला आणि लेकीला आंबे घेऊन. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. अंगणात त्याच्या चपला वाजल्या आणि आई धावत दारात गेली.

"जावईबापू, आत येऊ नगा. बाया हायेत घरात. थितंच बसा, पानी आनते."

"बाया? कुणाला?"

"शैलीला. काळजीचं कारन न्हाई, आता उतारच पडंल."

मी आत, आडोशाला, अंधाऱ्या खोलीत होते. मला सगळं ऐकू येत होतं आणि हाक मारता येत नव्हती. संदीपने विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"एक बी चुकली न्हाई," आई म्हणाली. आवाजात केवढा अभिमान होता तिच्या. "माज्या हातानं देते. तोंड उघडून बगते."

"बरं झालं," संदीप म्हणाला. तो सासूला फार मान देणारा माणूस. आंब्यांची पिशवी त्याने ओसरीवर ठेवली, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "मग बुधवारी चक्कर टाकतो. ओवीला भेटून निघतो."

मला कळलं की हा आता जाणार. भिंतीला धरून मी उठले. पाल्यावर घातलेल्या लुगड्याला माझा दंड घासला, आणि दंडावरचं कातडं लुगड्याबरोबर सरकलं. तापलेल्या दुधावरची साय बोटाने बाजूला व्हावी तसं. खाली लालभडक, ओलं. रक्तसुद्धा आलं नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. इतका वेळ जे मनात कुठेतरी अडून बसलं होतं ते तेव्हा पुढे आलं. गोवरात कातडं सुटत नाही.

मी चालत दारापर्यंत आले. आई ओरडली, "आगं, उंबरा वलांडू नगंस! शैले!" तिने आडवा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या आईचा हात ढकलला. ओलांडून अंगणात आले, उन्हात उभी राहिले आणि संदीपला दंड दाखवला.

त्याचं तोंड मला अजून दिसतं. वळला आणि देवळामागच्या खडकाकडे पळत सुटला. पँट-बुशर्टातला, पोट सुटलेला, कधी बस पकडायलासुद्धा न धावणारा माझा नवरा खडकावर चढून फोन लावत होता.

डॉक्टर बाईंनी तीनच प्रश्न विचारले, असं त्याने नंतर सांगितलं. तोंडात आहे का, डोळ्यांत आहे का, कातडं सुटतंय का. मग म्हणाल्या, "गोळी ह्या मिनिटापासून बंद. एकसुद्धा द्यायची नाही. वाटेत कुठे थांबू नका, मी सांगते त्या मोठ्या हॉस्पिटलात थेट न्या. मी कळवून ठेवते."

"पण मॅडम, फिट आली तर?"

"आली तर बघू. आधी हे."

गजर

मागच्या सीटवर आईने स्वच्छ धुतलेलं मऊ धोतर अंथरलं आणि मला बसवलं. ती माझ्या शेजारी, हातात निंबाची एक डहाळी. ओवी काकूच्या लेकीकडेच राहिली. मार्गासनी गेलं, नसरापूर गेलं, हायवे लागला. खड्डा आला की आई माझ्याऐवजी 'आई गं' म्हणायची. आईला अजून कळलं नव्हतं. बाया लई कोपल्या आणि त्यात आपण गोळीचा हट्ट धरला म्हणून कोपल्या, असं तिला वाटत असावं, कारण तिचे ओठ सारखे हलत होते.

खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. दिवस मावळतीला टेकला होता. आणि माझ्या पर्समधला गजर वाजला.

आईचा हात आपसूक पिशवीत गेला. तिने पाण्याची बाटली काढली, गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तळहातावर घेतली आणि माझ्या तोंडाशी आणली. इतकी सवय झाली होती की मीही तोंड उघडलं.

"नको!" संदीप इतक्या मोठ्याने ओरडला की पलीकडच्या गाडीतल्या माणसाने मान वळवून पाहिलं. "आई, नको! तिनेच झालंय हे. त्या गोळीनेच झालंय!"

आईने हात मागे घेतला नाही. तो तसाच हवेत राहिला, तळहातावर गोळी. तिने संदीपकडे पाहिलं, गोळीकडे पाहिलं, मग माझ्या दंडाकडे. गजर वाजतच होता. तो बंद करायचं कुणाला सुचेना. मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला तेव्हा संदीपने गाडी पुढे घेतली.

कुठं भाजलं

हॉस्पिटलात मला जळालेल्यांच्या वॉर्डात ठेवलं. कुठेही आग लागलेली नव्हती. पण ज्याचं कातडं जातं त्याची काळजी तिथेच घ्यायला जमते, असं सांगितलं. कातडं गेलं की अंगातलं पाणी जातं, ताप धरून राहतो, बाहेरचं काहीही आत शिरतं. डॉक्टरांनी संदीपला बाजूला घेऊन जे सांगितलं ते त्याने मला तेव्हा सांगितलं नाही. त्याने दाढी करायचं सोडलं होतं, त्यावरून मी ओळखलं.

तिथे मला केळीच्या पानांवर निजवत. उकळून गार केलेली, गुळगुळीत पानं. कापड चिकटतं, पान चिकटत नाही. निंबाच्या पाल्यावरून उठून मी केळीच्या पानावर आले होते.

सकाळी ड्रेसिंग. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. एवढंच लिहिते की तिथली सिस्टर माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. "आता पाठ घेते. दुखेल." आणि दुखायचं. "आता संपलं." आणि खरंच संपलेलं असायचं. बाकी सगळेजण काही होत नाही, काही होत नाही म्हणत होते. तिच्या त्या 'दुखेल'चा मला फार आधार होता. पापणी बुबुळाला चिकटून बसू नये म्हणून ती मधून काचेची बारीक कांडी फिरवायची. ते मात्र सहन व्हायचं नाही. मी तिचा हात पकडायचे आणि ती थांबायची, मी सोडला की पुन्हा सुरू करायची. उजवा डोळा पूर्ण वाचला. डावा बराचसा.

शेजारच्या खाटेवर स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या एक बाई होत्या. मला बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमाला कुठं भाजलं, ताई?"

"भाजलं नाही. गोळी खाल्ली."

त्या म्हणाल्या, "मंग म्या बरी. मला निदान ठावं हाय, जाळ हुता." मला हसू आलं आणि ओठ फाटून रक्त आलं. कितीतरी दिवसांनी हसले होते.

फिटची भीती वेगळीच. जुनी गोळी बंद, आणि ही उघडी पाठ घेऊन फिट आली तर? दुसऱ्या जातीचं औषध सलाईनमधून चालू केलं होतं. तेही सोसेल की नाही कुणास ठाऊक. नवी बाटली लावली की मी हाताकडे टक लावून बघत बसायचे, नवा ठिपका उठतोय का. ज्या औषधाने वाचायचं त्याच्याकडे मी चोराकडे बघावं तशी बघत होते.

बाकडं

आई वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून असायची. आत एकालाच सोडत, आणि ती आपली पाळी संदीपला देऊन टाकायची. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एकदा दार उघडं होतं तेव्हा मला ऐकू आलं. संदीप म्हणत होता, "तुम्ही मला दारातनं परत पाठवत होता, आई. मी निघालो होतो. मी निघालोच होतो."

खरं लिहायचं तर मलाही आईचा राग आला होता. भयंकर आला होता. तिच्या पाल्याचा, तिच्या उंबऱ्याचा, तिच्या त्या 'आ कर'चा. आणि त्याच वेळी ड्रेसिंग सुरू झालं की मी मनात तिलाच हाक मारायचे. हे दोन्ही एकाच मनात कसं मावतं ते मला विचारू नका.

मी धोक्याबाहेर आहे असं सांगायला डॉक्टर बाई आल्या तेव्हा आई आत होती. बाई तिला म्हणाल्या, "तुमची चूक नाही हो. हे फार थोड्यांना होतं, कुणाला होईल ते आधी नीट सांगता येत नाही. आणि गोळी चालू ठेवा असं मीच तर सांगितलं होतं."

"तुमी दुसरं बी सांगितलं हुतं, बाई," आई म्हणाली. "ते म्या ऐकलं न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "समद्या गोळ्या म्या माज्या हातानं घातल्या तिला. एक बी चुकवली न्हाई म्या."

मी हात पुढे केला. पट्ट्यांत गुंडाळलेला होता, तिला धरता येईना. तिने नुसतं बोट टेकवलं. माझा राग तेव्हा गेला असं म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून मी तिच्यावर रागावणं सोडलं.

पांढरी गोळी

नवं कातडं येतं. आधी गुलाबी, मग फिकं. नखं गळून पडली, ती पुन्हा येतायत. पाठीवर नकाशासारखे डाग आहेत. आयुष्य नकाशांत गेलं, आता एक अंगावर आहे. त्या जातीच्या आणखीही काही गोळ्या मला जन्मभर चालणार नाहीत. कुठल्याही दवाखान्यात शिरले की आधी तेच सांगते, ताप असो नाहीतर दात दुखो.

तुमच्या घरात कुणाला ही औषधं नुकतीच सुरू झाली असतील आणि ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग, अंगावर दुखणारे डाग असं काही दिसलं, तर त्याला धूर, उष्णता, बाया असलं कुठलंही ओळखीचं नाव देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. आणि असं काही दिसत नसेल तर गोळी मुकाट चालू ठेवा. मला माहीत आहे, हे सांगणं सोपं आहे.

घरी सोडलं तेव्हा सलाईन संपलं आणि नवी गोळी आली. पांढरी, छोटी. पहिल्या संध्याकाळी ती तळहातावर घेऊन मी स्वयंपाकघरात बसले आणि हात तोंडाकडे जाईना. संदीपने समजावलं, मग चिडला. ओवी दारात उभी होती, ओट्यापाशी मला पडताना पाहिलेली. तिच्यासाठी तरी घ्यायला हवी होती. मला वाटलं होतं, आईपण असल्या वेळी कामाला येईल. नाही आलं. अंगाला घाम सुटला आणि गोळी तळहातावर ओली होत गेली.

आई तेव्हा आमच्याकडेच राहिली होती, अजूनही आहे. शेतीचं काकू बघते आहे. संदीप तिच्याकडे वळला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलला. "आई, तुम्ही द्या. तुमच्या हातून घेईल ती."

"म्या न्हाई," आई म्हणाली आणि दोन पावलं मागे सरली. "माज्या हाताला लावू नगा ती. पुन्यांदा न्हाई."

कुकरची शिट्टी झाली, ओवीने गॅस बंद केला. आणि आई पुढे आली. पदराला हात पुसले. माझ्यासमोर पाट ओढून बसली, गॉगल काढला, दोन्ही डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. बाह्या वर करून दंड पाहिले, मनगटं पाहिली, मान पाहिली. मग संदीपला म्हणाली, "त्या मोबाईलची बत्ती लावा." आणि मला म्हणाली, "आ कर."

मी तोंड उघडलं. तिने जीभ उचलायला लावली, गालांच्या आतून पाहिलं, ओठ उलटून पाहिला. आधी खात्री केली. मग तळहातावरची ती ओली गोळी उचलून तिने माझ्या जिभेवर ठेवली.

तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. दिवेलागणीला गजर वाजतो, संदीप बत्ती धरतो, आई बघते, गोळी देते. आणि मी पाण्याचा घोट घेते तेव्हा ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसते. गिळलेली तिला बघवत नाही.